देवाप्पानं मान हलवली

माझा भाऊ देवाप्पा हल्ली माझ्या दारावरून जात नाही. वखारीला जायची त्याची वाट वीस वर्षं माझ्या उंबऱ्यासमोरून होती. सकाळी सायकलची घंटी दोनदा वाजायची, मी आतूनच ओरडायची, "थांब रं, चहा टाकलाय," तो म्हणायचा, "उशीर हुतुय आक्का," आणि बसायचा. आता तो म्हशींच्या गोठ्यामागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, सायकल हातात धरून जातो. चाळिशीचा माणूस, विजार गुडघ्यापर्यंत ओढून चिखल तुडवतो, पण बहिणीचं दार नको. शेजारची बायाक्का रोज येऊन सांगते, "सुलाबाई, आज बी तिकडनंच गेला गं तुझा भाऊ." जसं काही मला दिसतच नाही. माझे डोळे चांगले आहेत. कानही चांगले आहेत. काय गेलंय ते पुढं सांगते.

चूक केलेला माणूस दारात येतो, चार शिव्या खातो, पाणी पितो आणि जातो. हा तीन आठवडे वळसा घालतोय. चुकलेला माणूस असा वागत नाही. ठरवून केलेला वागतो.

आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची आणि देवाप्पा दोन वर्षांचा. दुसरीत होते तेव्हाच माझी शाळा सुटली होती. आई गेल्यावर मला तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसवलं. निपाणीत त्या काळी आमच्यातल्या बाईला दुसरं काम कुठलं? भुकटी वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवायचे. तोंडाला पदर बांधून बसायचं. दोन तासांत पदर तपकिरी. देवाप्पाला कडेवर घेऊन जायची, वखारीबाहेर चिंचेखाली बसवायची, आत घ्यायची नाही. त्याला ठसका लागायचा. लग्न झालं तेव्हा मी नवऱ्याला पहिल्या दिवशीच सांगितलं, माझ्यासंगं माझा भाऊ येणार. तो बरा माणूस, म्हणाला, येऊ दे की.

बारा वर्षं मी चाळणीवर बसले, मग कारखान्यात विड्या वळल्या. त्या मजुरीवर देवाप्पा शाळेत गेला, एसएसएलसी झाला, आणि त्याच तंबाखूच्या धंद्यात दिवाणजी म्हणून लागला. जिथं बहीण चाळणीवर, तिथं भाऊ टेबलावर. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

त्या बारा वर्षांत माझं नाक गेलं. कधी गेलं कळलं नाही. दात पडला की कळतो, हातात येतो. नाक तसं नाही. एकदा मी चुलीपाशीच बसलेली, आणि आठ वर्षांचा देवाप्पा बाहेरून पळत आला. "आक्का, दूध लागलं की गं! तुला वास येत न्हाय?" मी पातेल्यात बघितलं, दूध तळाला काळं झालेलं. त्या दिवशी आम्हा दोघांना कळलं. मी त्याला म्हटलं, "कुणाला सांगू नको." का, तर ज्या बाईला वास येत नाही तिच्या हातची आमटी कोण चांगली म्हणेल? फोडणी करपली का, तूप खवट आहे का, हे मी डोळ्यांनी आणि कानांनी ओळखायला शिकले. मोहरी कशी तडतडते त्यावरून मी आजही सांगते तेल किती तापलंय ते. पण काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्याला देवाप्पा होता. बाजारात तूप घ्यायचं झालं की मी डबा नाकाला लावायची आणि देवाप्पाकडं बघायची. वास असला की तो नाकाचा शेंडा खाजवायचा. नसला की हळूच मान हलवायचा, नाही म्हणून. दुकानदाराला वाटायचं, बाई लई पारखी. तो माझं नाक होता. सिद्रामच्या वडिलांना, माझ्या नवऱ्याला, हे ठाऊक होतं, ते गेले. माझ्या पोटच्या पोराला, सिद्रामला, ठाऊक नव्हतं. सुनेला तर नाहीच. उरला एकटा देवाप्पा.

आता गाडीचं सांगते.

सत्याहत्तर साली आम्ही चाळीस माणसं एक ट्रक ठरवून दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलतो. सोलापूरच्या पुढं कुठंतरी पावसानं गाठलं. एक धर्मशाळा दिसली. दारातला माणूस वही उघडून बसलेला. "कुठली माणसं?" म्हणाला. सिद्रामचे वडील सरळ माणूस, म्हणाले, "बौद्ध." त्यानं वही मिटली. "जागा न्हाय." मागं ओसरी रिकामी, घोंगड्या गुंडाळून ठेवलेल्या, सगळं आम्हाला दिसत होतं. पाणी मागितलं तर म्हणाला, विहीर पुढं आहे. आम्ही ट्रकखाली बसलो. सिद्रामच्या वडिलांनी तेव्हा मला म्हटलं, "पुढच्या टायमाला आपलं घर संगं घिऊन यायचं. आपली चूल, आपलं पाणी. कुणाच्या वहीत नाव घालायचं न्हाय." दोन वर्षांनी ते गेले. पुढचा टाइम त्यांना आला नाही.

म्हणून ती गाडी. लोकांना वाटलं, सुलाबाईला म्हातारपणी मिजास सुचली. मिजास नव्हती.

सिद्राम बेळगावात पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढतो. त्यानं चौकटीच्या कागदावर गाडी काढली. दोन्ही बाजूंना फळ्या, दिवसा बसायला, निजताना मधलं फळकुट टाकलं की पलंग. दाराशी स्टोव्ह ठेवायला पत्रा. वर पत्र्याची टाकी आणि टाकीला नळ. त्या नळावर मी बोट ठेवलं. "ह्यो आपला?" "व्हय आई, आपलाच." मी तो कागद चार दिवस उशीखाली ठेवला होता. नवी गाडी कुठली परवडणार? जुनी मेटाडोर घ्यायची आणि सुताराकडून आत घर करून घ्यायचं असं ठरलं. येत्या दसऱ्याला नागपूर. एक्याऐंशी साली शेतकऱ्यांनी निपाणीच्या हमरस्त्यावर ठाण मांडलं होतं, त्याच्या तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट.

दोन गाड्या बघण्यात आल्या. एक बेळगावात, एका बेकरीवाल्याची. ती माझ्या सुनेनं शोधली. जया शाळेत मास्तरीण आहे, बेळगावचीच. ती त्या गाडीत शिरली आणि पोरीसारखी हसली. "आत्या, आत या की. कसं पावाच्या भट्टीत शिरल्यासारखं वाटतंय बघा." मी आत गेले. मला काय वाटणार? मी दाराखाली बोट घातलं, बोट गंजातून आरपार गेलं.

"ह्यात निजलं तर पाय भाईर आनि पाऊस आत," मी म्हटलं. "तुला पाव खायाचा आसंल तर दुकानातनं आण, गाडी कशाला?"

सिद्राम हसला. जया हसली नाही. तिला मी असं बरंच काही बोलत असते. विडीच्या कारखान्यातला चेकरसुद्धा माझ्या विड्यांतली छाट काढायला घाबरायचा, छाट म्हणजे नापास विडी. त्याला मी विचारायची, दाखव कुठं सैल आहे. तेव्हा सुनेचं काय.

दुसरी गाडी देवाप्पानं आणली. म्हणजे त्याच्या मालकाची होती. "आक्का, आमच्या वखारीची मेटाडोर काढायची हाय. इंजन घड्याळावानी. मालक घरच्या माणसाला देतो म्हणलेत. गुरुवारी सिद्रामला घिऊन ये."

"जयाला बी आणती."

"गुरुवारी तिची शाळा न्हाय का? आनि बायकामाणसाला इंजनातलं काय कळतंय? तू हाईस की."

तू हाईस की. मला ते गोड लागलं. मीही बायकामाणूसच, हे ध्यानात आलं नाही.

गुरुवारी मी आणि सिद्राम वखारीत गेलो. आवारात पोत्यांच्या थप्पीला लागून गाडी उभी. नवा पांढरा रंग, धुऊन पुसून चकचकीत. वखारीचा ड्रायव्हर भरमू फडकं घेऊन बाजूला उभा होता. कन्नड मुलखातला माणूस, बोलणं कमी. मी टायर दाबून बघितले. पत्र्यावर टिचकी मारत सगळीकडून फिरले. दाराखाली बोट घातलं, बोट गेलं नाही. भरमूनं इंजिन चालू केलं, मी कान लावला. कुठं खडखड नाही.

सिद्राम आत शिरला आणि बाहेर आला. "मामा, तंबाखूचा वास मारतोय की."

देवाप्पा हसला. "निपाणीत हुबा हाईस की रं. पोत्याला टेकलाईस. सगळ्या गावालाच वास हाय, गाडीला येगळा कुठला?"

सिद्रामला ते पटल्यासारखं झालं. तरी तो माझ्याकडं वळला. "आई, तू आत जाऊन बघ. तुझं नाक तिखट. तू सांगशील ते."

मी आत गेले. दार ओढून घेतलं. खोल श्वास घेतला, अगदी पोटापर्यंत. मला काय येणार? पावसाचा वास नाही, पोराच्या टाळूचा वास नाही, मला तंबाखूचा कुठून येणार? पण मला भीती वाटली नाही. दार उघडलं आणि नेहमीसारखं देवाप्पाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. मी थांबले. त्याचा हात नाकाकडं जातो का बघत होते. हात खिशात होता. त्यानं हळूच मान हलवली. नाही म्हणून.

"न्हाय," मी सिद्रामला सांगितलं. "वास आवारातला हाय. गाडीत काय न्हाय."

"आक्का न्हाय म्हणली म्हंजे न्हाय," देवाप्पा म्हणाला. "संपलं."

भरमू फडकं पिळत होता. त्यानं मान वर केली नाही. ते मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं. पण मी माझ्या भावाकडं बघत होते.

गाडी घेतली. दिलं ते दिलं, त्याचं मी इथं काही सांगत नाही.

बेळगावात सिद्रामच्या दारात सुताराचं काम चाललं. पावसाळा, गार हवा, दारं उघडी. सुतारानं जुन्या फळ्या तशाच ठेवून वर नवी पातळ फळी ठोकली, भिंतींना आतून पत्रा मारला. जया दोनदा म्हणाली, "आत्या, अजून वास जात नाही." मी म्हटलं, "लाकडाचा आसंल." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हटलं, "तुझं शहराचं नाक. आम्ही तंबाखूत वाढलो, आमी काय मेलो का?"  मधे नागपंचमी आली. आम्ही छप्पन सालीच देव सोडले. घरात फोटो बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा. पण एक गोष्ट मी सोडली नव्हती. पंचमीच्या आदल्या दिवशी बहीण भावासाठी उपास धरते, तो मी धरायची. सिद्राम रागवायचा, म्हणून गपचूप. पोट बिघडलंय म्हणायची. यंदाही धरला. देवाप्पानं मान हलवून दोन महिने झाले होते, आणि मी त्याच्यासाठी दिवसभर उपाशी.

भादव्यात पाऊस उघडला. सिद्राम म्हणाला, नागपूरच्या आधी एकदा जवळ कुठंतरी जाऊन बघू. नात सुजाता सात वर्षांची, तिच्या पुस्तकात इंग्रजांनी झाडाला फाशी दिलेल्या रायण्णाचा धडा होता. म्हणाली, नंदगडला जायचं, रायण्णाचं झाड बघायचं. सिद्राम गाडी शिकत होता, हात बसलेला नव्हता, म्हणून देवाप्पानं एका दिवसासाठी भरमूला पाठवून दिलं. मोठा उपकार.

सकाळी निघालो. मी फळीवर ऐटीत बसले. नळ सोडून तांब्या भरला, सुजाताला पाजला, पुन्हा सोडला आणि पुन्हा बंद केला. आपला नळ. धूळ नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. भादव्यातलं ऊन, पत्रा तापला. बेळगाव सोडून अर्धा तास झाला नाही तोवर जयानं पदर तोंडाला लावला. "आत्या, मला मळमळतंय. खिडकी उघडू?"

"धुरळा येतुय. बस की जरा दम धरून. इतकी नाजूक हाईस तर नागपूरला कशी येणार?"

मग सुजाता ओकली. मी म्हटलं, गाडी लागली. तिला आडवी केली, फळीवर, नाक लाकडाला लागून. माझ्याच हातानं. तिनं पुन्हा ओकलं. खानापूर जवळ आलं तेव्हा पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळावर गार घाम, डोळे वर. जया ओरडली, "गाडी थांबवा!" सिद्राम पुढं भरमूजवळ बसला होता, तो मागं आला आणि आत डोकं घालताच त्यालाही ढास लागली. एकटी मी तिथं बरी होते. एकटी मी.

खानापुरात डॉक्टरकडं नेलं. म्हातारा डॉक्टर, त्यानं पोरीचे डोळे बघितले, हात बघितला, फ्रॉकचा वास घेतला. "हिला तंबाखू लागलीय," म्हणाला. "लहान पोरीला वखारीत झोपवली होतीत का?"

सिद्राम म्हणाला, "नाही हो. गाडीत."

"मग गाडीत तंबाखू आहे. आणि उन्हानं शिजलीय. पुन्हा तिला त्यात घालू नका."

पोरीला सुई दिली, बाकावर निजवली. दोन तासांनी तिनं पाणी मागितलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. सिद्राम औषध आणायला गेला. बाहेर ओट्यावर जया माझ्याजवळ येऊन बसली.  मग म्हणाली, "आत्या, ह्या डॉक्टरकडं रॉकेल सांडलंय वाटतं. केवढा वास!"

मी नाक मुरडलं. "व्हय की. कवाधरनं येतुय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "इथं रॉकेल नाही, आत्या."

मी पदर सारखा करायला लागले.  ती म्हणाली, "किती वर्षं झाली?" मी म्हटलं, "तुझा नवरा जल्मायच्या आधीधरनं." वाटलं, आता ही लग्नापासूनचं सगळं वसूल करणार. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी ह्यांना सांगणार नाही." बस्स. एवढंच. पाव खायाचा तर दुकानातनं आण, असं म्हणणाऱ्या बाईला.

तेवढ्यात भरमू समोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. "अव्वा, पोरगी बरी हाय?"

"हाय."

"अव्वा, मला शिव्या द्या. मी बोलायला पायजे हुतं. पर दिवाणजींनी शपथ घातलती." घाम पुसला. "अकरा वर्सं त्या गाडीतनं भुकटी वाहिली मी. फळीच्या फटीत, भिंतीच्या पत्र्यात, सगळीकडं भरलीय. निपाणीत ती गाडी कुणी फुकट घेईना. मालक दिवाणजींला म्हणले, ही घालव, मग मोठ्या दिवाणजीची खुर्ची तुझी. दिवाणजी म्हणले, माझी आक्का घेती. मी म्हणलो, धनी, आत शिरल्याव वास लपंल का? तर म्हणले," भरमू अडला.

"बोल."

"म्हणले, सून संगं न्हाय आली म्हंजे झालं. आक्काचं नाक मेलंय. ती माझ्या तोंडाकडं बघून सांगती."

भरमूच्या तोंडून. गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडून मी ते ऐकलं. बत्तीस वर्षं नवरा, मी आणि भाऊ ह्यांच्यापलीकडं जे गेलं नव्हतं ते आवारात, पोत्यापाशी उभं राहून सांगितलेलं. जया ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

भरमूला मी शिव्या दिल्या नाहीत. "पाना आण," म्हटलं. "खालची फळी काढ."

त्यानं गाडीत शिरून पाना घालून नवी फळी उचकटली, मग जुनी. खाली बोटभर जाड तपकिरी थर, दाबून बसलेला, ढेपेसारखा. ह्याच भुकटीनं माझं नाक नेलं, ह्याच थरावर मी माझी नात निजवली. त्यातली मूठभर मी पदरात बांधून घेतली.

आम्ही लाल एसटीनं परत आलो. रायण्णाचं झाड राहिलं. सिद्राम म्हणाला, पत्रा सोलून काढू, सोड्यानं धुऊ. मी म्हटलं, सोलून काय उरणार? यंदाचा दसरा गेला. सिद्राम मामाला जाब विचारायला निघाला होता, त्याला मी अडवलं. म्हटलं, माझा भाऊ आहे, त्याला मी वाढवलाय, तो येईल. तो स्वतः येईल.

तीन आठवडे झाले. म्हशींचा गोठा, पाण्याची टाकी, चिखल.

काल मी गेले. ती मूठभर भुकटी टाकली नव्हती, लुगडं बदललं की नव्या पदरात बांधून रोज बरोबर होती. वखारीत शिरले तर चाळणीवरच्या बायकांनी हात थांबवले. त्यातल्या दोघी-तिघी माझ्याबरोबर बसलेल्या. आत देवाप्पा मोठ्या टेबलामागं, हातांच्या खुर्चीत, पाठीला गादी. मला बघून उठला, मग पुन्हा बसला, मग पुन्हा उठला.

"ये आक्का. बस की. चहा सांगतो."

"च्या तू माझ्या घरात पितोस. प्यायचास."

"सुजाता बरी हाय न्हवं?"

"तिचं नाव घिऊ नको."

त्यानं दारातल्या बायकांकडं बघितलं. आवाज खाली आणला. "आक्का, मला वाटलं रंगानं वास जाईल. ऊन लागलं की उडून जाईल. आनि मालक म्हणले..." घसा साफ केला. "वीस वर्सं दुसऱ्याच्या हाताखाली हाय मी. आपल्यातला कुणी ह्या खुर्चीत बसलाय का आजवर? तूच म्हणायचीस न्हवं, देवाप्पा, टेबलाव बस, खाली बसू नको?"

"म्हणायची. खुर्ची पायजे हुती तर सांगायचंस. मी ह्याच आवारात, मालकाच्या पायरीव आठ दीस बसले असते. उठले नसते."

त्यानं टेबलावरची वही उगाच सरळ केली.

मी पदराची गाठ सोडली आणि भुकटी त्याच्या टेबलावर पालथी केली. पंखा चालू होता. ती उडाली. देवाप्पा शिंकला, एकदा, दोनदा, मग लागोपाठ, डोळ्यांतून पाणी, हातात रुमाल. मी तिथंच उभी होते, त्याच धुरळ्यात, माझी पापणी हलली नाही. दारातल्या बायकांनी ते बघितलं. कळायचं ते त्यांना कळलं असेल. कळू दे. आता लपवायचं कुणासाठी?

तो थांबेपर्यंत मी थांबले. मग बोलले, सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं.

"बघ देवाप्पा, तुझं नाक अजून जित्तं हाय. का हाय म्हाईत हाय? तुला मी चिंचेखाली बशीवलं, आत घेतलं न्हाय म्हणून. आत मी बसले. माझं नाक गेलं तवा मी कुणाला रडून दावलं न्हाय, म्हणलं, माझं गेलं तर जाऊ दे, भावाचं हाय. ते तू इकलंस. गाडी न्हवं, ते. देव सोडलं तवा बी तुझा उपास मी सोडला नव्हता, ह्या पंचमीला बी उपाशी हुते. आज सोडला. आनि आयक, उद्यापास्नं त्यो गोठा, ती टाकी, त्यो चिखल, कशाला तरास करून घेतोस? खुशाल माझ्या दारावरनं जा. घंटी वाजवत जा. भिऊ नको, मला तुझा वास येणार न्हाय."